स्मॅशचा जोर मनगटात नव्हे!

थंडी पडू लागली, की गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलापासून कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटपर्यंत सर्वत्र बॅडमिंटनचे खेळाडू दिसू लागतात. त्यापाठोपाठ खांदा आणि कोपर दुखण्याच्या तक्रारीही सुरू होतात. याचे एक प्रमुख कारण म्हणजे स्मॅश मारण्याची चुकीची पद्धत.

स्मॅश म्हणजे 'मनगटाचा झटका', असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धवट खरा आहे. एक साधा प्रयोग करून पाहा. कोपर काटकोनात वाकवून बरगडीला टेकवा, मुठीत फूटपट्टी उभी धरल्यासारखी धरा आणि तळहात आकाशाकडून जमिनीकडे फिरवा. मनगट न वाकताही पट्टीचे टोक अर्धवर्तुळात फिरते. कोपराखालच्या हातात दोन हाडे असतात. अंगठ्याच्या बाजूचे हाड दुसऱ्यावरून फिरते, म्हणून हे शक्य होते. दंडाचे आतील बाजूस फिरणे व त्यापाठोपाठ हे फिरणे, यांतूनच स्मॅशला वेग मिळतो. फूल जेमतेम पाच ग्रॅमचे. तेथे ताकदीपेक्षा वेग महत्त्वाचा.

त्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) तव्याचा दांडा धरावा तशी रॅकेट धरू नये, हात फिरण्यास वाव राहत नाही. हस्तांदोलन करावे तशी धरावी.

२) मूठ सैल असावी. फुलाला रॅकेट लागण्याच्या क्षणीच ती आवळावी. सतत आवळलेल्या मुठीने कोपराच्या बाहेरील बाजूच्या स्नायूंवर ताण पडतो. 'टेनिस एल्बो' हा विकार तेथेच होतो.

३) फूल डोक्याच्या किंचित पुढे, उंचावर घ्यावे. मागे गेलेल्या फुलावर स्मॅश मारू नये. खांदा व कंबर दोन्ही दुखावतात. अशा वेळी उंच टोला पुरेसा आहे.

४) खेळण्यापूर्वी दहा मिनिटे खांदे, मनगटे व पाय मोकळे करावेत. आधी हलके फटके, मग स्मॅश.

सांगलीचे नंदू नाटेकर यांनी १९५६ साली मलायातील सेलांगर स्पर्धा जिंकली. परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. अशा यशाची स्वप्ने पाहणाऱ्या मुलांच्या पालकांनी एक लक्षात ठेवावे : दुखणे अंगावर काढून सराव होत नसतो.

दुखू लागल्यास खेळ थांबवावा आणि कापडात गुंडाळलेल्या बर्फाने दहा-पंधरा मिनिटे शेक द्यावा. हात वर उचलता येत नसेल, रात्री झोपेत दुखत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर चोळत न बसता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.