कोड येतो; पण सर्व्हर का अडकला, ते सांगता येतं का?

बारावीनंतर संगणकाकडे वळणाऱ्या मुलांच्या घरांत सध्या एकच प्रश्न घोळतो आहे : कोड यंत्रच लिहून देणार असेल, तर चार वर्षांची फी भरून आपल्या मुलाच्या हाती काय लागणार? प्रश्न रास्त आहे. मात्र वेब अॅप्लिकेशनच्या धंद्यात कोड लिहिणं हे अर्धंच काम. लिहिलेलं हजारो लोकांसाठी चालतं ठेवणं, आणि अडलं तर का अडलं ते शोधणं, हे उरलेलं अर्धं. माझ्या मते मुलांनी आज जास्त मेहनत या दुसऱ्या अर्ध्यावर घ्यावी. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप जगभर सुमारे सहा तास बंद होती. देखभालीदरम्यान दिलेल्या एका कमांडने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळंच तुटलं होतं. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी अनेक वेबसाइटांची वाहतूक सांभाळणारं क्लाउडफ्लेअर कोलमडलं, त्याची सुरुवात डेटाबेसच्या परवानग्यांतल्या एका बदलापासून झाली. त्यामुळे एक फाइल दुपटीने फुगली आणि ती ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्याने ती वाचणारं सॉफ्टवेअर कोसळलं. तिथल्या इंजिनिअरांना आधी हा बाहेरचा हल्ला वाटला होता. चालू यंत्रणेत केलेल्या बदलांमुळेच सुमारे ७० टक्के बिघाड होतात, असा गूगलच्या अभियंत्यांनी नोंदवलेला अनुभव आहे.

हे फक्त बड्या कंपन्यांचं दुखणं नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस मूळ सेटिंगनुसार एका वेळी १०० कनेक्शन घेतो. निकाल दाखवणाऱ्या अॅप्लिकेशनच्या चार प्रती चालू आहेत आणि प्रत्येकीला ३० कनेक्शनची मुभा दिली आहे, असं धरा. एरवी सगळं सुरळीत चालेल. निकालाच्या दिवशी गर्दी झाली की मागणी १२० वर जाईल आणि काहींना नकार मिळू लागेल. अशा वेळी घाबरून कुणी पाचवी प्रत सुरू केली, तर मागणी १५० वर पोचेल आणि साइट आणखी बिघडेल. कोडमध्ये एकही चूक नाही! अॅप्लिकेशनच्या पुढे उभा राहून विनंत्या मागे पाठवणारा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मागच्या सर्व्हरच्या उत्तराची मूळ सेटिंगनुसार साधारण ६० सेकंद वाट पाहतो आणि मग ५०४ हा त्रुटीचा आकडा दाखवतो. ५०२ दिसला तर अर्थ वेगळा : मागची प्रक्रिया बंद पडली असेल किंवा पोर्ट चुकीचा लिहिला असेल. दोन आकडे, तपासाच्या दोन वेगळ्या वाटा. हे न कळता वाट पाहण्याची मर्यादा, म्हणजे टाइमआउट, ६० सेकंदांचा ३०० केला, तर दुखणं तसंच राहतं आणि ग्राहक पाच मिनिटं ताटकळतो. खरं कारण कदाचित डेटाबेसमधल्या एखाद्या टेबलावर नोंदी पटकन शोधून देणारा इंडेक्स नसणं हे असेल. ते संथ क्वेरींच्या लॉगमध्ये सापडतं.

मग हा तपासही एआय करणार नाही का? काही प्रमाणात करेल, आणि लॉग वाचून चार शक्यता सुचवण्यात तो आजही उपयोगी आहे. पण कोणता लॉग त्याच्यापुढे ठेवायचा, काल रात्री कुणी काय बदललं, सुचवलेला उपाय चालू सर्व्हरवर आत्ता करावा की नाही, याची जबाबदारी माणसाकडेच राहते. ज्याला मूळ यंत्रणा कळत नाही, त्याला एआयचं चुकीचं उत्तरही बरोबरच वाटेल. पालकांचा दुसरा आक्षेप मला अधिक खरा वाटतो : हे काम रात्री-अपरात्री उठवतं, आणि अशा पदांवर नवख्यांना बहुधा थेट घेत नाहीत. म्हणून सुरुवात बॅकएंड, टेस्टिंग किंवा सपोर्टमधून झाली तर ती कमीपणाची मानू नये. रात्रपाळीची फेरी किती जणांत वाटली जाते, हे मात्र नोकरी स्वीकारण्याआधी मुलांनी स्पष्ट विचारावं.

यासाठी महागडा क्लास लागत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क आणि डेटाबेस हे विषय पदवीत असतातच. मुलं ते तोंडी परीक्षेपुरते पाठ करतात, ही खंत आहे. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स, एनजिनएक्स, पोस्टग्रेस फुकट बसतात. त्यावर छोटं अॅप चालवावं आणि मग मुद्दाम मोडावं : पोर्ट बदलावा, कनेक्शनची मर्यादा पाचवर आणावी, डिस्क भरू द्यावी. दर वेळी ब्राउझरमध्ये काय दिसलं, लॉगमध्ये काय आलं, आधी कशावर संशय घेतला आणि तो कशाने खोटा ठरला, हे लिहून ठेवावं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. साइट संथ झाली तर आधी काय बघाल, असं मुलाखतीत विचारलं गेलं, की अशा वहीची दहा पानं प्रमाणपत्रांच्या फाइलपेक्षा जास्त उपयोगी पडतील.