यंत्राने दारास मोठे भोक पाडण्याची रीत

दारास गोल मुठीचे कुलूप बसविण्याची चाल आता खेड्यांतूनही पडत चालली आहे, आणि विजेचे ड्रिल हाती आल्यामुळे हे काम सुतारावाचून करू पाहणारे गृहस्थही पुष्कळ आहेत. ज्यांनी हे यंत्र पूर्वी कधी धरिले नाही, त्यांच्याकरिता हा धडा आहे.

गिरमिटाने भोक पाडताना हात थांबला की गिरमिटही थांबे. पुढे जर्मनीतील फाइन ह्या कारखान्याने १८९५ साली हातात धरण्याजोगे विजेचे ड्रिल काढिले, व १९१७ साली अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर ह्यांनी पिस्तुलासारखी मूठ आणि खटका असलेल्या ड्रिलचे पेटंट मिळविले. तेव्हापासून जोर यंत्राचा आणि सावरण्याचे काम मनगटाचे, अशी वाटणी झाली आहे.

होल सॉ म्हणजे वाटीच्या आकाराची करवत होय. तिच्या काठास दाते असतात व मध्यभागी वाट दाखविणारे बारीक बिट असते. अशा कुलपास बहुधा ५४ मिलिमीटर व्यासाचे भोक लागते. आता, ज्याने ६ मिलिमीटरच्या बिटाने चार भोके नीट पाडिली, तो त्याच वेगाने ही वाटीही चालवू जातो, आणि फसतो तो येथेच. व्यास ९ पट, म्हणून तितक्याच फेऱ्यांत काठावरचे दाते ९ पट अंतर धावतात. लाकूड करपते व धूर निघतो. शिवाय एखादा दाता अडकला म्हणजे वाटी थांबते, यंत्र उलट फिरू पाहते, आणि त्याबरोबर धरणाऱ्याचा हातही पिळला जातो. आम्ही पहिल्या दिवशी बाजूची मूठ लावण्याचा कंटाळा केला, आणि आठ दिवस मनगट शेकीत बसलो!

ह्यास्तव वाटी बसविण्यापूर्वी प्लग काढावा, अथवा बॅटरी उतरवावी. चक आवळून त्याची किल्ली काढून घ्यावी. हॅमरची कळ बंद असावी. ती भिंतीसाठी आहे. डोळ्यांस चष्मा असावा, पण हातमोजे नकोत, आणि उपरणे किंवा पदर खोचलेला असावा, कारण फिरत्या बिटास कापड सापडले तर ते सोडीत नाही. उघड्या दाराच्या खाली दोन्ही बाजूंनी पाचर ठोकावी, म्हणजे ते हलणार नाही.

कुलपाबरोबर आलेल्या कागदी नमुन्यावरून मध्यबिंदू घेऊन तेथे खिळ्याने खूण करावी. बाजूची मूठ लावून यंत्र दोन्ही हातांनी धरावे व फळीशी काटकोनात ठेवावे. कमी वेगाने आरंभ करून सर्व दाते सारखे टेकून पुरते वर्तुळ उमटेपर्यंत घाई करू नये. वाटी तिरपी टेकली की दाता अडकतोच. थोडे कापावे, वाटी बाहेर काढून भुसा झाडावा, पुन्हा कापावे. अंगाचा भार घालू नये. कापण्याचे काम दात्यांचे आहे.

बारीक बिटाचे टोक पलीकडे दिसताच थांबावे. जो तसाच पुढे रेटतो, त्याच्या दाराच्या पलीकडील अंगाच्या चिरफळ्या निघतात, आणि त्या कुलपाच्या तबकडीखाली झाकतीलच असे नाही. पलीकडे जाऊन त्याच बारीक भोकात बिट घालावे व उरलेले लाकूड तिकडून कापावे. दाराच्या कडेचे लहान भोक ह्यानंतर पाडावे.

चकती वाटीत अडकून राहते. ती लागलीच बोटांनी ओढू नये, दाते तापलेले असतात. प्लग काढून, वाटी निवल्यावर बाजूच्या फटीतून पेचकसाने ढकलावी. तिच्या मध्यभागी भोक आयतेच असते. आमच्या घरी अशा चार चकत्यांची मुलांनी गाडी केली आहे.