आगगाडीचा आवाज : एक घरगुती प्रयोग

(द्वितीय वर्ष कला)

आगगाडी कशी करते, असे कोणत्याही लहान मुलाला विचारले तर ते 'झुकझुक' असेच उत्तर देईल. वास्तविक आपल्या उधना-जळगाव मार्गावर आज धावणारी कोणतीही गाडी झुकझुक करीत नाही. मार्ग दुहेरी झाला, वर विजेच्या तारा आल्या. भारतात ब्रॉडगेजवरील वाफेच्या इंजिनांची नियमित वाहतूक डिसेंबर १९९५ मध्येच संपली. म्हणजे आमच्या वर्गातील एकानेही हा आवाज रोजच्या जीवनात ऐकलेला नाही. वस्तू गेली आणि तिचा अनुकरणवाचक शब्द तेवढा भाषेत उरला. मराठीत तो झुकझुक, हिंदीत छुकछुक, इंग्रजीत चू-चू.

माझ्या आजीने मात्र तो आवाज ऐकला आहे. आमचे गाव खांडबाऱ्याजवळ, रुळापासून दोन शेते सोडून. आजोबा रोजंदारीने रुळावर खडी टाकायला जात, आणि आजी घरात बसून केवळ आवाजावरून मालगाडी कोणती, सवारी गाडी कोणती हे ओळखीत असे. आता तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. गेल्या दत्तजयंतीला वडिलांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून धाकट्या भावासाठी सेलवर चालणारी आगगाडी आणली. भावाने ती आजीसमोर चालवली. मोटरची घरघर ऐकून आजी म्हणाली, "हाई गाडी नही, हाई भोवरा शे." या एका वाक्यातून प्रस्तुत प्रयोग सुरू झाला.

हा छंद नवा नाही

लहान आकाराच्या रेल्वेचा छंद जगभर आहे. पुण्यास कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांच्या आयुष्यभराच्या छंदातून उभे राहिलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना पाहावयास मिळते. अमेरिकेतील लायोनेल कंपनीने १९३५ साली खेळण्यातल्या गाडीत शिटी बसवली. त्यासाठी मोटरवर फिरणाऱ्या पंख्याने हवा फुंकली जाई. आज इंजिनात बसवण्याची तयार ध्वनियंत्रे मिळतात, पण त्यांची किंमत कित्येक हजार रुपये असते. आमच्या घरात तो विचारही शक्य नव्हता. मी कला शाखेची विद्यार्थिनी; विज्ञान दहावीपर्यंतच शिकले. म्हणून आधी खऱ्या इंजिनाचा आवाज कसा होतो हे समजून घेतले.

झुकझुक कोठून येते ?

वाफेच्या इंजिनाला दोन्ही बाजूंस एकेक सिलिंडर असते. वाफ आत शिरते, दट्ट्याला ढकलते आणि काम संपले की धुराड्यावाटे जोराने बाहेर पडते. तिचे हे बाहेर पडणे म्हणजेच 'झुक'. वाफ दट्ट्याला एकदा पुढून आणि एकदा मागून ढकलते, म्हणून एका सिलिंडरचे दोन ठोके होतात. दोन सिलिंडरांचे मिळून चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके होतात. दोन्ही बाजू एकमेकींपासून पाव फेरा पुढेमागे जोडलेल्या असल्याने हे चार ठोके सारख्या अंतराने पडतात.

समजा, चाकाचा व्यास दीड मीटर आहे. त्याचा परीघ सुमारे ४.७ मीटर झाला. गाडी ताशी १७ किलोमीटर वेगाने चालली तर चाक सेकंदाला एक फेरा घेईल आणि चार ठोके ऐकू येतील. ताशी ३४ झाले की आठ ठोके. चढावर ठोके संथ पण जड होतात. उतारावर चालकाने वाफ बंद केली की ते थांबतात. आजीला घरबसल्या गाडी कळत होती ती यामुळेच. आवाज हा चाकाचा आणि ओझ्याचा हिशेब होता.

दोन फसलेले प्रयत्न

पहिल्या प्रयत्नात सायकलच्या आऱ्यांना मुले पत्ता लावतात तशी पुठ्ठ्याची पट्टी चाकाला घासत ठेवली. नुसती टकटक झाली, आणि गाडीही अडखळू लागली.

दुसऱ्या प्रयत्नात मोबाइलवर वाफेच्या इंजिनाचा खरा आवाज लावून तो गाडीशेजारी ठेवला. आवाज उत्तम होता. पण गाडी वळणावर अडकली तरी आवाज तसाच धावत राहिला. आजीने विचारले, "गाडी थांबनी, मंग आवाज काबर चालू ?" तिला अडकलेली गाडी दिसली नव्हती; चाकांची घरघर बंद झालेली ऐकू आली होती. तेव्हा मला मुख्य गोष्ट उमगली. आवाज खरा असून भागत नाही, तो चाकाच्या ताब्यात असावा लागतो.

तिसरा प्रयत्न : रेडिओची खरखर

वाफेचा आवाज म्हणजे एक प्रकारची खरखर, आणि खरखर फुकट देणारी वस्तू म्हणजे दोन स्टेशनांच्या मधे लावलेला रेडिओ. भंगारवाल्याकडून ४० रुपयांत खिशातला एफएम रेडिओ घेतला. तो हाताने चाक फिरवून लावण्याचा असावा. आपोआप स्टेशन शोधणारा चालत नाही, कारण त्यात मधली खरखर बहुधा दाबलेली असते. मीडियम वेव्हही नको. तिच्यात गाडीच्या मोटरमधील ठिणग्यांची करकर मिसळते.

कृती अशी :

१. रेडिओचे कवच काढून आतील पट्टी, दोन पेन्सिल सेल व स्पीकर मागच्या डब्यात बसवावेत.

२. स्पीकरच्या दोन तारांपैकी एक तोडावी. तिची दोन टोके डब्याच्या एका चाकापाशी आणावीत आणि प्रत्येकाला बॉलपेनची स्प्रिंग सरळ करून पिळावी. या दोन तारा चाकाच्या आतल्या बाजूस शेजारीशेजारी, पण एकमेकींना न लागता, हलक्या टेकाव्यात.

३. चाकाच्या त्याच बाजूस तांब्याच्या पातळ पत्र्याचे तुकडे समोरासमोर चिकटवावेत. तुकडा तारांखाली आला की दोन्ही तारा जोडल्या जातात आणि 'झुक' होते. तुकडा सरकला की आवाज तुटतो.

४. तोडलेल्या दोन टोकांच्या मधे १०० ओहमचा एक रोध कायम जोडावा. त्यातून खरखर अगदी बारीक वाहत राहते. उभ्या इंजिनातील वाफेच्या सूंऽऽ आवाजासारखी ती वाटते, आणि आवाज तुटताना होणारा 'टक्'ही कमी होतो.

५. उघडा स्पीकर फार क्षीण वाजतो, कारण त्याच्या पुढून व मागून निघणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात. मलमाच्या रिकाम्या डबीच्या तोंडावर तो बसवून कडा एम-सीलने बंद कराव्यात. एवढ्याने पडलेला फरक ऐकून मीच चकित झाले.

पत्र्याचे तुकडे किती लावावेत ? खऱ्या इंजिनाप्रमाणे मी चार लावले आणि चूक झाली. आमचा १.४ मीटरचा रूळ गाडी दहा सेकंदांत पुरा करते. डब्याच्या चाकाचा परीघ साडेपाच सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला अडीच फेरे. चार तुकड्यांनी दहा ठोके पडले आणि सगळ्यांची मिळून भुरभुर झाली. दोन तुकडे ठेवले तेव्हा पाच ठोके सुटे ऐकू आले. लहान वस्तूत सत्य जसेच्या तसे उतरवले तर ते कधी कधी खोटे वाटते, हे येथे शिकायला मिळाले.

एक दोष राहिला आहे. चाक नेमके पत्र्यावर थांबले तर खरखर मोठ्याने चालूच राहते. आजीच्या मते खरे इंजिनही स्टेशनात उभे असताना अशीच वाफ सोडी. म्हणून मी तो दोष तसाच ठेवला. शिटीसाठी लांबी वेगवेगळी असलेली दोन बॉलपेनची टोपणे एकत्र धरून भाऊ तोंडाने फुंकतो. एकूण खर्च ७० रुपये आला.

परीक्षा

पहिल्या दिवशी आजीला काही न सांगता गाडी चालवली. रुळाच्या एका बाजूखाली मी दोन पुस्तके ठेवली होती. गाडी तेथे आली, ठोके संथ झाले. आजी हातातले सूप खाली ठेवून म्हणाली, "आते चढ लागना." मग तिने आजोबांची आठवण सांगितली. संध्याकाळची मालगाडी चढाला लागल्याचा आवाज आला की ती चूल पेटवीत असे, कारण ती गाडी गेली की रुळावरची माणसे घरी परतत. ही गोष्ट आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हती. वडिलांनाही नाही.

आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिली. तेथे काय शिकतेस, असे आजी नेहमी विचारते आणि मला नीट सांगता येत नाही. या वेळी तिने विचारले नाही. गाडी पुन्हा चालव म्हणाली.

हा प्रयोग कोणालाही एका रविवारी करता येईल. मित्रमैत्रिणींनी जरूर करून पाहावा, आणि घरात ज्यांनी वाफेची गाडी ऐकली असेल त्यांना परीक्षक नेमावे. चुका आढळल्यास गुरुजनांनी दाखवून द्याव्यात, ही नम्र विनंती.