अवर्षणप्रवण भागातील मुसळधार पाऊस आणि जमिनीची धूप

ज्या भागात पाऊस कमी, तेथे जमिनीची धूपही कमी, असा एक समज आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. सोलापूर जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान कमी आहे. परंतु त्याचा मोठा वाटा थोड्याच जोरदार सरींतून पडतो, आणि माती वाहून नेण्याचे काम मुख्यतः या सरीच करतात.

पंचवीस मिलिमीटर पाऊस दिवसभर संथपणे पडला, तर बहुतेक पाणी जमिनीत मुरते. तोच अर्ध्या तासात कोसळला, तर टपोऱ्या थेंबांच्या माऱ्याने ढेकळे फुटतात, बारीक कणांनी भूपृष्ठावरील छिद्रे बुजतात आणि पाणी वाहू लागते. हेक्टरी हे पाणी अडीच लाख लिटर भरते. त्यासोबत मातीचा केवळ एक मिलिमीटर थर गेला, तरी हेक्टरी सुमारे १२ ते १३ टन माती जाते. हा ऱ्हास डोळ्यांना सहसा दिसत नाही.

रब्बी ज्वारीच्या भारी काळ्या जमिनीत धोका अधिक असतो. खरिपात ही राने कुळवाच्या पाळ्या देऊन मोकळी ठेवली जातात. सप्टेंबर हा येथील भरपूर पावसाचा महिना; नेमक्या त्याच वेळी जमिनीवर पिकाचे आच्छादन नसते.

मुंबई राज्यात १९४२ च्या जमीन सुधारणा योजना अधिनियमानंतर बांधबंदिस्तीला चालना मिळाली. हलक्या व मध्यम जमिनींत तिचा लाभ झाला. भारी काळ्या जमिनीत मात्र बांधालगत पाणी साचून राहते, उन्हाळ्यात बांधाला भेगा पडतात आणि पुढे तो फुटतो. म्हणून वाहते पाणी अडविण्याबरोबरच थेंब पडेल तेथेच तो मुरविणे अगत्याचे आहे. रब्बीच्या रानात पावसाळ्यातच बंदिस्त वाफे करावेत. मशागत व पेरणी उताराला आडवी करावी. मध्यम जमिनीत बाजरी व तुरीचे मिश्रपीक घेतल्यास जमीन अधिक काळ झाकलेली राहते.

राज्यात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी मानतात. धुपेचा अंदाज घेताना मात्र हा पाऊस किती वेळात पडला, हेही पाहिले पाहिजे. ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी बांधांचे सांडवे दुरुस्त करून घ्यावेत. शिक्षकांनी उघड्या आणि गवताने झाकलेल्या मातीच्या दोन कुंड्या तिरप्या ठेवून त्यांवर झारीने पाणी घालावे. खाली जमणाऱ्या पाण्याचा रंग पाहून विद्यार्थ्यांना आच्छादनाचे महत्त्व सहज पटेल.