राग, विषाद आणि प्रसाद



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ६२ ते ६५ या चार श्लोकांवर.

यातले बरेच शब्द आपल्याला 'येतात', आणि तिथेच घोटाळा होतो. म्हणून मी एक पद्धत ठेवली आहे : शब्दाला एकट्याला गाठायचं नाही, त्याचा जोडीदार आणि शेजारी कोण हे आधी बघायचं.

सोपं उदाहरण 'राग'. मराठीत राग म्हणजे संताप. पण ६४व्या श्लोकात तो 'द्वेष'च्या जोडीने येतो. द्वेष म्हणजे नकोसं वाटणं, मग राग म्हणजे हवंहवंसं वाटणं, ओढ. संतापासाठी गीतेत वेगळा शब्द आहे, क्रोध.

आता 'प्रसाद'. आपल्याला सत्यनारायणाचा शिरा आठवतो, नाहीतर लहानपणी पाठीत मिळालेला प्रसाद! पण इथे भगवंत म्हणतात, राग-द्वेष सोडून, इंद्रियं ताब्यात ठेवून जगात वावरणाऱ्याला प्रसाद मिळतो. कसला?

आधी घराणं बघू. मूळ धातू 'सद्', म्हणजे बसणं. 'प्र' लागला की प्रसाद, प्रसन्न. संस्कृतात निवळलेल्या पाण्यालाही प्रसन्न म्हणतात. 'वि' लागला की विषाद, म्हणजे खचणं. पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग! एकाच धातूची दोन लेकरं : एकात माणूस बसतो, दुसऱ्यात गाळ.

आता शेजारी. ६२-६३मध्ये एक साखळी आहे : विषयाचं चिंतन, मग संग, काम, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश. समजा, ग्रुपवर मित्राने टोमणा मारला. आपण तो मेसेज दहा वेळा उघडून वाचतो (चिंतन). मन त्याला चिकटतं (संग). 'मला मान मिळायलाच हवा' (काम). मिळत नाही, मग क्रोध. मग काही सुचत नाही (संमोह), आणि हा आपला जुना मित्र आहे हेच विसरतो. स्मृती म्हणजे पाठांतर नव्हे. आपण कोण, समोरचा कोण, याचं भान. ते गेलं की रात्री एक वाजता असं काही पाठवून बसतो की मैत्रीच संपते.

६५वा श्लोक नेमकं उलट सांगतो : प्रसादाने दुःखं सरतात आणि बुद्धी लवकर स्थिर होते. म्हणजे बुद्धिनाशाच्या समोर उभा असलेला शब्द प्रसाद आहे. माझ्या मराठीत, मनाचं निवळणं.

आणि शेवटी १८व्या अध्यायाचा ७३वा श्लोक बघा. अर्जुन म्हणतो, मोह गेला, स्मृती परत आली, तुझ्या प्रसादाने. तेच तीन शब्द! फक्त इथे प्रसाद म्हणजे कृपा. निवळणं आपल्या प्रयत्नाने सुरू होतं, पण अर्जुन त्याचं श्रेय स्वतःकडे घेत नाही. विषादात बसलेला माणूस प्रसादाने उठतो, एवढा गीतेचा प्रवास.

आजची साधना : मन ढवळलं असेल तेव्हा उत्तर टाइप करू नका. फोन पालथा ठेवा, नाम घ्या, गाळ खाली बसू द्या. ढवळलेल्या पाण्यात हात घालून ते कधी निवळतं का?

श्रीकृष्णार्पणमस्तु.