वाणसामानाची चिठ्ठी

सन २०२० साली करोनाची साथ आली. २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. किराणा दुकाने उघडी राहिली. पण म्हाताऱ्या माणसांना हा रोग फार बाधतो. म्हणून साठीच्या पुढच्यांनी घरीच थांबावे, असे सांगण्यात आले.

घरात दोघेच म्हातारे. मग मीठ-मिरची आणायची कोणी?

पुन्हा अशी साथ आली, तर चिठ्ठी कामाला येईल. तोंडी सांगितले, की एखादी वस्तू राहते. मग पुन्हा खेप! साथीत एक खेप वाचली, की तेवढा धोका टळला.

आधी डबे उघडून पाहा. पंधरा दिवसांना काय लागेल, ते दोघांनी ठरवा. मग लिहा:

तूरडाळ १ किलो
गोडेतेल १ किलो
मीठ १ पुडा
साबण २ वड्या

चिठ्ठी आणि पैसे शेजारच्या पोराजवळ द्या. त्याने नाकातोंडाला रुमाल बांधावा. दुकानात चार हात दूर उभे राहावे. सामान उंबऱ्याबाहेर ठेवावे. तुम्ही साबणाने २० सेकंद हात धुवा. चिठ्ठीशी हिशेब ताडून पाहा.

शेजाऱ्याला काम सांगायला लाजायचं कशाला? आज तो आपल्याला, उद्या आपण त्याला. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

लिहा : तुमच्या घरची पंधरा दिवसांची यादी.