एस.टी.ने येणारे आमदार

(ग्रामीण भागातील आमदाराला अधिवेशनासाठी मुंबईला आणि नागपूरला जावे लागते. मग गावाकडच्या लोकांशी त्याचा संबंध कसा टिकतो? सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख यांच्या उदाहरणावरून हे या पाठात समजावून सांगितले आहे. लोकप्रतिनिधीप्रमाणे लोकांचीही काही कर्तव्ये असतात, हेही पाठातून कळते.)

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही एस.टी.ने प्रवास केलाच असेल. पुढच्या बाजूच्या एखाद्या आसनाजवळ 'आमदार' असे लिहिलेले तुम्ही कधी वाचले आहे का? ती जागा आमदारांसाठी राखून ठेवलेली असते. पण बहुतेक वेळा तेथे एखाद्या आजीबाई किंवा शाळेला निघालेला मुलगा बसलेला असतो. आमदार मोटारीनेच फिरतात, असे आपण धरून चालतो. मात्र एस.टी.त इतर प्रवाशांबरोबर बसून अधिवेशनाला जाणारे एक आमदार महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे नाव गणपतराव देशमुख. लोक त्यांना आदराने 'आबासाहेब' म्हणत.

आधी आपण 'आमदार' हा शब्द पाहू. तुम्हांला तो परका वाटणार नाही. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास यांविषयी वाचले आहे. त्यांतले 'आम' आणि 'खास' हे शब्द मराठीने आपलेसे केले. विधिमंडळाच्या सदस्याला मराठीत आमदार म्हणतात, तर संसदेच्या सदस्याला खासदार म्हणतात. उर्दूत आपण 'रुक्न-ए-असेंब्ली' म्हणतो. मराठी शब्दात मात्र 'आम' आहे. आम म्हणजे सर्वसाधारण लोक. या लोकांपासून जो तुटला, त्याच्या पदात काय उरले?

सांगोला हा सोलापूर जिल्ह्यातील एक तालुका आहे. हा दुष्काळी भाग आहे. तेथून माण नदी वाहते. पण वर्षातील बराच काळ तिचे पात्र कोरडे असते. पाऊस कमी झाला, की आधी विहिरी आटतात, मग चारा संपतो आणि शेवटी माणसे कामाच्या शोधात गाव सोडतात. येथून मुंबई सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. विधानसभेची अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशने मुंबईत भरतात. हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते. नागपूर तर सांगोल्याहून आणखी लांब! विधानसभेत २८८ आमदार असतात. त्या सभागृहात सांगोल्याच्या एका वाडीतील आटलेली विहीर कोणाला दिसणार? ती दाखवणारा माणूस तेथे हवा. आणि त्या माणसाने ती विहीर स्वतः पाहिलेली हवी.

गणपतराव शिक्षणाने वकील होते. शेतकरी कामगार पक्षातर्फे ते १९६२ साली प्रथम निवडून आले. त्यानंतर सांगोल्यातून ते एकूण ११ वेळा आमदार झाले. दोन वेळा ते मंत्रीही होते. पण बहुतेक काळ ते विरोधी पक्षाच्या बाकांवर बसले. सत्ता हाती नसताना लोकांची कामे करायची, तर दोनच साधने उरतात. लोकांकडून मिळालेली खरी माहिती हे पहिले साधन. ती सभागृहात मांडण्याची चिकाटी हे दुसरे. गणपतरावांनी ही दोन्ही साधने जपली.

आता एस.टी.चा उपयोग तुमच्या लक्षात येईल. एस.टी. स्वस्त आहे आणि आमदारांना तिचा प्रवास मोफत असतो, एवढीच गोष्ट नाही. मोटारीच्या काचा बंद असतात. एस.टी.त मात्र शेजारी शेतकरी बसतो, पुढे बाजारहाट करून परतणाऱ्या बायका बसतात, मागे विद्यार्थी उभे असतात. आमदार समोर दिसले, की माणूस बोलतो. त्यासाठी चिठ्ठी लागत नाही, की वेळ घ्यावी लागत नाही. कोणाच्या गावाला टँकर आला नाही, कोणाच्या जनावरांना चारा नाही, कोणाचा कागद कचेरीत अडकला आहे, हे सारे वाटेतच कळते.

पण नुसते ऐकून भागत नाही. ऐकलेली गोष्ट सभागृहापर्यंत न्यावी लागते. ती कशी जाते, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, दुष्काळात एका गावाजवळ जनावरांची छावणी उघडण्याचे ठरले, पण ती उघडलीच नाही. गावकरी आमदारांकडे तक्रार करतात. आमदार प्रथम तहसीलदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना विचारतात. पुष्कळ कामे तेथेच होतात. काम झाले नाही, तर आमदार विधानसभेत प्रश्न विचारू शकतात. ज्या प्रश्नाचे उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यावे, अशी सदस्याची इच्छा असते, त्याला तारांकित प्रश्न म्हणतात. प्रश्न दाखल झाला, की संबंधित खाते जिल्ह्यातून माहिती मागवते. कित्येकदा या चौकशीनेच अडलेले काम हलते. मंत्र्यांनी उत्तर दिल्यावर उपप्रश्नही विचारता येतात. विषय तातडीचा असेल, तर लक्षवेधी सूचना देता येते. अशा रीतीने गावातील तक्रार सभागृहातील प्रश्न बनते.

येथे एक गमतीची गोष्ट ध्यानात ठेवा. उर्दूत 'तकरार' म्हणजे भांडण किंवा वाद. मराठीत 'तक्रार' म्हणजे शिकायत. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश. मराठीत 'खुलासा' म्हणजे स्पष्टीकरण. तेव्हा मंत्र्यांनी तक्रारीचा खुलासा केला, असे वाचले, तर मंत्र्यांनी भांडणाचा सारांश सांगितला, असे समजू नका!

काही प्रश्न एका अर्जाने किंवा एका अधिवेशनात सुटत नाहीत. पाण्याचा प्रश्न तसाच होता. कृष्णा नदीचे पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावे, म्हणून सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतील लोकांनी दीर्घकाळ लढा दिला. आटपाडी येथे पाणी परिषदा भरल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर गणपतराव या लढ्यात होते. कराडजवळ टेंभू येथून कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी भागाला देण्याची योजना आखली गेली. सांगोला तालुक्याचाही तिच्यात समावेश झाला. पाणी आकाशातून पडले नाही, तर मागावे लागते, आणि पुन्हा पुन्हा मागावे लागते, हे या लढ्याने शिकवले. तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी राहिली, तीही लोकांना गावाजवळ काम मिळावे म्हणूनच.

तुम्हांला वाटेल, अशा माणसाला लोक नेहमीच निवडून देत असतील. तसे झाले नाही. १९७२ साली गणपतराव हरले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा जिंकले. १९९५ साली तर ते अवघ्या १९२ मतांनी हरले. १९२ माणसे म्हणजे किती? चार एस.टी. गाड्यांत बसतील एवढी! इतक्या थोड्या मतांनी हरल्यावर कोणीही खचला असता. पण गणपतरावांनी लोकांमधील काम सोडले नाही. १९९९ साली लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. पुढे २००४, २००९ आणि २०१४ सालीही ते विजयी झाले. वय झाल्यामुळे २०१९ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. ३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, हा पाठ एका आमदाराची स्तुती करण्यासाठी लिहिलेला नाही. तो तुमच्यासाठी लिहिला आहे. संबंध एका बाजूने टिकत नाही. आमदारांनी गावात यावे, ही अपेक्षा रास्त आहे. पण ते आल्यावर आपण काय सांगतो? "साहेब, आमच्याकडे लक्ष द्या," एवढेच सांगितले, तर ते काय करणार? "आमच्या वस्तीत साठ घरे आहेत, हातपंप दोन महिन्यांपासून बंद आहे, ग्रामपंचायतीला अमुक तारखेला अर्ज दिला आहे, त्याची नक्कल ही," असे सांगितले, तर त्यांना पुढचे काम करता येते. तसेच कोणते काम कोणाचे, हेही आपल्याला माहीत हवे. गल्लीतील दिव्यासाठी आमदारांकडे धावण्याचे कारण नाही. ते काम ग्रामपंचायतीचे किंवा नगरपालिकेचे आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्यापैकी अनेकांच्या घरी वडीलधारी माणसे उर्दू उत्तम लिहितात, पण मराठी अर्जासाठी दुसऱ्याच्या दारी जातात. लिहिणारा जे लिहील, त्यावर ती सही करतात. कधी नाव चुकते, कधी मागणीच चुकते. महाराष्ट्र राज्याच्या कारभाराची भाषा मराठी आहे. वर्गात तुम्ही मराठी शिकता, ती केवळ परीक्षेतील गुणांसाठी नाही. तुमच्या आजोबांचे म्हणणे तुम्ही त्यांच्याच शब्दांत ऐकाल आणि नीट मराठीत कागदावर उतरवाल, तेव्हा त्यांचा आवाज आमदारांपर्यंत आणि आमदारांमार्फत सभागृहापर्यंत पोहोचेल. वयाच्या अठराव्या वर्षी तुम्हांला मताचा अधिकार मिळेल. अर्ज लिहिण्यासाठी मात्र तोपर्यंत थांबण्याची गरज नाही.

शब्दार्थ

लोकप्रतिनिधी – लोकांनी निवडून दिलेला माणूस, नुमाइंदा
अधिवेशन – विधिमंडळाची बैठक, इजलास
दुष्काळ – पाऊस न पडल्यामुळे येणारी टंचाई, कहत
छावणी – दुष्काळात जनावरांना चारा-पाणी देण्याची जागा
पोटनिवडणूक – मध्येच रिकाम्या झालेल्या जागेसाठी होणारी निवडणूक
चिकाटी – काम न सोडण्याची वृत्ती
रास्त – योग्य, वाजवी
नक्कल – प्रत

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गणपतराव देशमुख प्रथम कोणत्या साली निवडून आले?
(आ) विधानसभेचे हिवाळी अधिवेशन कोठे भरते?
(इ) तारांकित प्रश्न कशाला म्हणतात?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) एस.टी.च्या प्रवासाचा गणपतरावांना कोणता उपयोग होत असे?
(आ) गावातील तक्रार सभागृहातील प्रश्न कशी बनते?

३. पुढील शब्दांचा उर्दूतील आणि मराठीतील अर्थ लिहून प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
तक्रार, खुलासा

४. उपक्रम : घरातील वडीलधाऱ्या माणसांना वस्तीतील एक अडचण विचारा. ती कोणाच्या अधिकारात येते, हे शोधा आणि त्यांच्या वतीने दहा ओळींचा मराठी अर्ज लिहा. तो त्यांना वाचून दाखवा आणि त्यांचे म्हणणे त्यात नीट आले आहे का, हे विचारा.